घर एक, खिडक्या अनेक

या सदरात आपण आजवर लोणची टिकवली, रेशमी साड्या जपल्या, गॅस वाचवला. आज मी तुम्हाला जरा वेगळ्याच वस्तूसमोर बसवणार आहे. घराचे नकाशे काढायच्या संगणकासमोर! "अहो, तो इंजिनिअर लोकांचा प्रांत, आमचा तिथे काय संबंध?" असं म्हणून पान उलटू नका. मीही तसंच म्हणाले होते. आणि त्यापायी दहा फुटांचं समजून ज्या स्वयंपाकघरात मी मनातल्या मनात संसार मांडून बसले होते, ते निघालं जेमतेम नऊ फुटांचं!

झालं असं. आमचं बिऱ्हाड नगरात, चितळे रोडच्या मागे एका जुन्या वाड्यात. (२०२४ साली नगरचं अहिल्यानगर झालं, पण तोंडात बसलेलं नगर काही जात नाही.) बारा वर्षं पैशाला पैसा जोडून सावेडीच्या बाजूला एक लहानसा प्लॉट घेतला आणि घराचा नकाशा करायला एका ऑफिसात दिला. नकाशा तयार झाल्यावर आम्ही दोघं पाहायला गेलो. आमचे हे आणि इंजिनिअरसाहेब पडद्यासमोर, मी मागच्या खुर्चीवर, हातात चहाचा कप. साहेबांनी माउसचं चाक फिरवलं की घर मोठं व्हायचं, उलटं फिरवलं की काडेपेटीएवढं व्हायचं. क्षणात जिना, क्षणात हॉल. मला तर गरगरायला लागलं! "आणि हे तुमचं किचन, वहिनी," म्हणत त्यांनी चाक फिरवलं, तर स्वयंपाकघराने अख्खा पडदा भरून गेला. केवढं मोठं! मी मान डोलावली.

येताना त्यांनी एक छापील कागद हातात दिला. कुठे पलंग, कुठे सोफा, कुठे फ्रीज हे दाखवणारा. खाली चौकटीत लिहिलेलं, 'स्केल १:५०'. मी अर्धवेळ का होईना, शाळेत भूगोल शिकवते. १:५०,००० च्या नकाशावर २ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर १ किलोमीटर, हे सातवीच्या मुलांना घोकून घेते. मग १:५० ची काय कथा? रात्री मुलं झोपल्यावर फूटपट्टी घेऊन बसले. स्वयंपाकघराची रुंदी भरली ६२ मिलिमीटर. गुणिले ५०, म्हणजे ३.१० मीटर. दहा फुटांहून वर! वहीत मांडणीच करून टाकली. ओट्याला ६० सेंटिमीटर. समोरच्या भिंतीला सासूबाईंचं छोटं टेबल आणि खुर्ची, त्याला १ मीटर १० सेंटिमीटर. मध्ये वावरायला १ मीटर ४० सेंटिमीटर. झकास!

सासूबाईंच्या टेबलाचं एवढं का, ते सांगायला हवं. गुडघ्यांमुळे त्यांना आता उभं राहवत नाही, खाली बसवत नाही. वाड्यातल्या स्वयंपाकघरात खुर्ची मावत नाही म्हणून त्या दिवसभर बाहेरच्या खोलीत बसून असतात. ज्या बाईने चाळीस वर्षं घर रांधून वाढलं, ती आता 'मेथी निवडायला आण गं' असं हाक मारून सांगते. नव्या घरात आई माझ्यासमोर बसून भाजी निवडतील, एवढीच माझी नव्या घराची हौस. झुंबर नको की संगमरवर नको.

भूमिपूजनाच्या दिवशी सासूबाईंनी हट्ट धरला. "मला मेला कागद कळत नाही. जमिनीवर आखून दाखवा." मंजुरीसाठी फाइल अजून जायची होती. तरी इंजिनिअरसाहेबांनी माणूस लावून प्लॉटवर फक्कीने खोल्या आखून दिल्या. आई काठी टेकत आल्या, रेघ ओलांडून नाही, तर दारासाठी सोडलेल्या फटीतून 'घरात' आल्या! स्वयंपाकघरात खुर्ची मांडून बसल्या आणि मला म्हणाल्या, "तू ओट्याशी उभी राहा बघू. आता कुकर घेऊन वळ."

मी वळले. माझं कोपर त्यांच्या खांद्यापासून वीतभरावर आलं.

"अगं, हे नऊ फूटसुद्धा धड नाही," त्या म्हणाल्या. मी टेप मागवला. २ मीटर ७० सेंटिमीटर! माझ्या हिशेबातले ४० सेंटिमीटर गेले कुठे? गडी म्हणाला, "ताई, मी आकड्याबरहुकूम आखलंय." ऑफिसातून आकडे त्याला वेगळे लिहून मिळाले होते. म्हणजे गडी बरोबर, माझी फूटपट्टी बरोबर, कागदावर लिहिलेलं स्केल समोर, आणि तरी स्वयंपाकघर आटलेलं.

सोमवारी शाळा सुटल्यावर मी एकटीच ऑफिसात गेले. साहेब साइटवर होते. संगणकावर एक मुलगी बसली होती, विशी-बाविशीची, पारनेरकडच्या एका गावातून रोज एसटीने येणारी. आयटीआयमधून 'ड्राफ्ट्समन सिव्हिल' हा दोन वर्षांचा कोर्स केलेली. (मुलीने केला तरी ती 'मन'च, बरं का!) मी तिच्यापुढे तो कागद ठेवला. तिने दाराच्या आकृतीवर पट्टी लावली आणि म्हणाली, "मॅडम, कागदाचं स्केल हललंय. घर नाही हललेलं." मग तिने मला शेजारी खुर्ची दिली. त्या दुपारी जे शिकले, ते आज तुम्हाला सांगते. सॉफ्टवेअर होतं ऑटोकॅड, पण मुद्दा सगळीकडे तोच.

जमीन एकीकडे, कागद एकीकडे

आपल्या वडिलांच्या पिढीत नकाशा म्हणजे ट्रेसिंग पेपर, टी-स्क्वेअर आणि अमोनियाच्या उग्र वासाच्या प्रती. कागद लहान आणि घर मोठं, म्हणून पहिल्या रेघेपासूनच घर पन्नास किंवा शंभर पटींनी लहान करून काढावं लागे. स्वयंपाकघर मोठ्या मापात हवं असेल तर ते दुसऱ्या कागदावर पुन्हा पहिल्यापासून काढायचं.

पडद्यावर चित्र काढायची कल्पना तशी जुनी. १९६३ साली अमेरिकेत एमआयटीमध्ये आयव्हन सदरलँड यांनी 'स्केचपॅड' केलं. त्यात प्रकाशाच्या लेखणीने पडद्यावर रेघ ओढता येई. १९८२ च्या डिसेंबरात ऑटोडेस्क कंपनीचं ऑटोकॅड बाजारात आलं आणि छोट्या संगणकावर नकाशे निघू लागले. आजच्या आपल्या गोष्टीत महत्त्वाची सोय मात्र आली १९९० साली, त्याच्या अकराव्या आवृत्तीत. ती म्हणजे घर काढायची जागा वेगळी आणि कागद मांडायची जागा वेगळी.

पहिल्या जागेला म्हणतात 'मॉडेल'. ही म्हणजे आपली जमीन समजा. तिथे घर खऱ्या मापाने काढतात. ३ मीटरची भिंत तिथे ३००० मिलिमीटरच. लहान करणं नाही, पन्नासने भागणं नाही. सासूबाईंनी फक्कीने आखून घेतलं ना, अगदी तस्संच!

दुसऱ्या जागेला म्हणतात 'लेआउट'. हा कागद. त्याचं माप खऱ्या कागदाचं, ए-३ असेल तर २९७ बाय ४२० मिलिमीटर. दोन्हींच्या पट्ट्या पडद्याच्या तळाशी डाव्या बाजूला असतात. आपण कुठे आहोत हे त्यावरून कळतं. नकाशा पाहायला गेलात की पहिला प्रश्न हाच विचारा, "आत्ता आपण मॉडेलमध्ये आहोत की लेआउटमध्ये?" एवढ्या एका प्रश्नाने समोरचा माणूस खुर्ची तुमच्याकडे वळवतो, हा माझा अनुभव आहे!

ओटा लावून घ्या

पडद्याच्या कडेने हत्यारांची मांडणी असते. तिला 'वर्कस्पेस' म्हणतात. आपला ओटाच म्हणा ना. रोजच्या स्वयंपाकाला मिसळणाचा डबा हाताशी आणि पुरणयंत्र माळ्यावर. दिवाळीच्या फराळाला सोऱ्या पुढे आणि डबे मागे. तसंच इथेही. साध्या नकाशासाठी 'ड्राफ्टिंग अँड ॲनोटेशन' नावाची मांडणी, घराचं उभं चित्र करायचं तर 'थ्री-डी मॉडेलिंग'ची वेगळी. उजवीकडे खाली दातेरी चक्राचं चिन्ह असतं, त्यावर टिचकी मारली की मांडणी बदलते. मांडणी बदलली म्हणून नकाशा बदलत नाही. ओटा बदलला म्हणून आमटीची चव थोडीच बदलते?

मी त्या मुलीच्या संगणकाला हात लावला आणि सगळी हत्यारंच गुल झाली! छातीत धस्स झालं. ती हसली. माझ्या बोटाने कंट्रोल आणि शून्य ही बटणं एकदम दाबली गेली होती. त्याने पडदा मोकळा होतो, आणि तीच बटणं पुन्हा दाबली की सगळं जागच्या जागी येतं. तुमच्या मुलाने किंवा पुतणीने घरी संगणकावर असं काही केलं तर 'बिघडवलंस!' म्हणून ओरडू नका.

काखेत कळसा

आता ते गरगरणारं चाक. ते पुढे फिरवलं की आपण नकाशाच्या जवळ जातो, मागे फिरवलं की लांब. चाक दाबून धरून माउस ओढला की नकाशा सतरंजीसारखा सरकतो. हे सगळं फक्त पाहणं आहे, घराला त्याने धक्काही लागत नाही. नेमका इथेच मी त्या दिवशी फसले. स्वयंपाकघराने पडदा भरला म्हणून ते मोठं, असं मला वाटलं. अहो, चाक आणखी फिरवलं असतं तर मोरीनेसुद्धा पडदा भरला असता!

नगरच्या बायकांना हे समजायला अवघड नाही. शहरातून पाहिलं तर डोंगरावरचा चांदबीबीचा महाल बोटाच्या पेराएवढा दिसतो. पाथर्डी रस्त्याने जाऊन डोंगर चढून गेलं की ती तीन मजली अष्टकोनी वास्तू मान वर करून पाहावी लागते. (महाल म्हणतात, पण खरं तर ती सलाबतखानाची कबर आहे.) आपण जवळ गेलो म्हणून दगड काही वाढले नाहीत. दुरून डोंगर साजरे, तशी जवळून मोरीही साजरी!

आणि अष्टकोनावरून आठवलं. मी चाकाने फार जवळ गेले तर गोल बेसिन कोनाकोनांचं दिसायला लागलं. मी म्हटलं, "हे असं बसवणार?" तसं नव्हतं. घाईत दाखवताना संगणक गोलाच्या जागी सरळ तुकडे जोडून वेळ मारून नेतो. 'आर-ई' ही दोन अक्षरं टाइप करून एंटर दाबलं की चित्र ताजं होतं आणि बेसिन पुन्हा गोल. कधी चाक फिरवूनही नकाशा पुढे जाईनासा होतो, तेव्हाही हाच उपाय.

सगळ्यात घाबरवणारी गोष्ट म्हणजे घरच नाहीसं होणं. नकाशा सरकवता सरकवता पडदा कोरा होतो. "गेलं वाटतं सगळं!" असं मीही म्हणाले. काही गेलेलं नसतं. आपण प्लॉट सोडून लांब माळावर जाऊन उभ्या राहिलेल्या असतो, इतकंच. चाकावर दोनदा झटपट टिचकी मारा, सगळं घर पडद्यात हजर. तरीही घर टिंबाएवढंच दिसलं तर समजावं, की एखादी चुकार रेघ कुठेतरी दूर पडली आहे, आणि संगणक बिचारा तिलाही पडद्यात बसवायला बघतो आहे. ती रेघ शोधून पुसायची. काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय!

आणखी एक सोय मला फार आवडली. मॉडेलमध्येच पडदा दोन-तीन खणांत विभागता येतो. या खणांना 'व्ह्यूपोर्ट' म्हणतात. एका खणात सगळं घर ठेवायचं, दुसऱ्यात फक्त स्वयंपाकघर. ज्या खणाची चौकट ठळक, तो खण जागा. एका खणात भिंत सरकवली की दुसऱ्यातही ती तत्क्षणी सरकते, कारण घर एकच आहे. त्या मुलीने एका खणात स्वयंपाकघराची भिंत ३० सेंटिमीटर बाहेर सरकवली, आणि शेजारच्या खणात हॉल तेवढाच आत आलेला मला दिसला. देणं-घेणं एकाच वेळी डोळ्यांसमोर! नुसत्या स्वयंपाकघराचं चित्र पाहिलं असतं, तर हॉलला काय सोसावं लागतं हे कळलंच नसतं.

खिडकी आणि तिचं कुलूप

आता मूळ चोर. लेआउटचा कागद आधी कोराच असतो. त्याला एक खिडकी पाडायची, आणि त्या खिडकीतून पलीकडची जमीन, म्हणजे मॉडेलमधलं घर, पाहायचं. या खिडकीलाही व्ह्यूपोर्टच म्हणतात. एका कागदावर अशा कितीही खिडक्या पाडता येतात. एकीतून अख्खं घर १:१०० मध्ये, दुसरीतून स्वयंपाकघर १:५० मध्ये, तिसरीतून ओट्याची कड १:२० मध्ये. घर तेच, काढलेलं एकदाच!

खिडकीत दोनदा टिचकी मारली की आपण खिडकीतून हात घालून जमिनीवर पोचतो. खिडकीबाहेर, कागदाच्या मोकळ्या जागी दोनदा टिचकी मारली की परत कागदावर येतो. आणि घोटाळा होतो तो इथे. माणूस खिडकीच्या आत असतो आणि सवयीने चाक फिरवतो. मॉडेलमध्ये चाक फिरवलं तर काही बिघडत नाही, पण इथे त्या खिडकीचं ठरवलेलं स्केलच बदलतं. १:५० चं १:४३ होतं, १:६१ होतं, काहीही होतं. चौकटीत लिहिलेली 'स्केल १:५०' ही अक्षरं मात्र तशीच राहतात, कारण ती हाताने लिहिलेली साधी अक्षरं आहेत.

आमच्या कागदाचं हेच झालं होतं. आम्हाला दाखवताना कुणीतरी खिडकीच्या आत चाक फिरवलं आणि कागद तसाच छापला. हिशेब बघा. खरं स्वयंपाकघर २.७० मीटर. १:५० मध्ये ते ५४ मिलिमीटर भरायला हवं. कागदावर ते भरलं ६२. म्हणजे स्केल झालं होतं १:४३ च्या पुढेमागे, आणि मी गुणत बसले ५० ने!

"पण मग कागदावर आकडे का नव्हते? आकडे असते तर मला कळलं असतं," मी विचारलं. तर तेही या खिडक्यांचंच. नकाशात भिंती, सामान, आकडे असे निरनिराळे थर असतात, आणि एखादा थर एकाच खिडकीपुरता झाकता येतो. सामानाच्या कागदावर गर्दी नको म्हणून आकड्यांचा थर झाकून ठेवला होता. आकडे होते, माझ्या खिडकीला पडदा ओढलेला होता.

यावर उपाय एवढासा. स्केल ठरवून झालं की खाली कुलपाचं चिन्ह असतं, ते लावून टाकायचं. मग खिडकीत राहून चाक फिरवलं तरी सगळा कागदच जवळ-लांब होतो, खिडकीतलं स्केल हलत नाही. लोणच्याच्या बरणीला दादरा बांधायला जेवढा वेळ लागतो, तेवढासुद्धा लागत नाही.

मी त्या मुलीला म्हटलं, "अगं, त्या दिवशी मी नुसती मान डोलवत होते, तू पाहिलंस ना? मग बोलली का नाहीस?"

ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मॅडम, बायका मागेच बसतात. त्या विचारत नाहीत, म्हणून मीही बोलत नाही."

मैत्रिणींनो, त्या वाक्याने मी खजील झाले. चूक ऑफिसची होती, खरंच होती. पण मागची खुर्ची तर मला कुणी दिली नव्हती. मी आपणहून तिथे जाऊन बसले होते. ज्या खोलीत आपला दिवस जातो, तिचं माप ठरत असताना आपण चहाच्या कपाकडे बघत बसतो, आणि मग वीस वर्षं 'ओटा जरा मोठा हवा होता' म्हणत राहतो.

नकाशा पाहायला जाताना

* खुर्ची पडद्यासमोर ओढून बसा. "जरा हळू फिरवा" म्हणायला लाजू नका.
* खोली पडद्यावर केवढी दिसते ते पाहू नका. भिंतीवर माप घेऊन दाखवायला सांगा. मॉडेलमधलं माप हेच खरं माप.
* रोज वापरायच्या जागा, म्हणजे स्वयंपाकघर, मोरी, कपडे वाळत घालायची जागा, यांची दृश्यं नाव देऊन जपून ठेवायला सांगा. पुढच्या खेपेला शोधाशोध नको, नाव घेतलं की समोर.
* कागद हातात आला की आधी दार मोजा. ९० सेंटिमीटरचं दार १:५० मध्ये १८ मिलिमीटर भरतं, १:१०० मध्ये ९. दार चुकलं तर सगळा कागद चुकला.
* कागदाच्या कोपऱ्यात मोजपट्टी काढून मागा, पण ती खिडकीच्या आत, म्हणजे घराशेजारी जमिनीवरच काढलेली हवी. मग स्केल हललं तरी पट्टीही त्याच प्रमाणात हलते आणि फसवत नाही.
* छापताना 'फिट टु पेपर' ही खूण नको. लेआउटचा कागद १:१ नेच छापला गेला पाहिजे. मोबाइलवर आलेल्या नकाशाच्या फोटोला किंवा कोपऱ्यावरच्या दुकानात छापून आणलेल्या प्रतीला फूटपट्टी लावूच नका. तिथे फक्त लिहिलेले आकडे वाचा.
* आकडे नसलेला कागद घरी आणू नका. सामानाचा कागद आणि आकड्यांचा कागद, दोन्ही मागून घ्या.
* आणि जमलं तर एकदा तरी जमिनीवर फक्की मारून बघा. त्यात चालून बघा, वाकून बघा, वळून बघा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला सोबत न्या.

आता आमच्या घराचं काय झालं ते सांगते. साहेबांनी कागदाची चूक मान्य केली. भिंत ३० सेंटिमीटर सरकली, स्वयंपाकघर पुरे ३ मीटरचं झालं. दोन कॉलमची जागा बदलली, म्हणून तो हिशेब त्यांनी पुन्हा तपासून घेतला. त्यात पंधरवडा गेला, आणि आमच्या ह्यांचा हॉल ३.९० वरून ३.६० वर आला. ह्यांनी दोन दिवस तोंड फुगवलं, कारण मोठ्या सोफ्याचं स्वप्न होतं. तिसऱ्या दिवशी मी यांना त्या ऑफिसात नेलं आणि पडद्याचे दोन खण करून दाखवायला सांगितलं. एकात हॉल, एकात स्वयंपाकघर. भिंत अलीकडे, भिंत पलीकडे. ह्यांनी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "सोफा लहान घेऊ. आईची खुर्ची लहान होत नाही."

खोदाई अजून सुरू व्हायची होती, म्हणून हे सगळं फक्कीच्या रेघेवर निभावलं. पाया भरून झाल्यावर हेच लक्षात आलं असतं तर? विचारसुद्धा करवत नाही.

आता जोत्यापर्यंत काम आलंय. परवा आईंना घेऊन गेले होते. त्या पुन्हा दाराच्याच जागेतून आत गेल्या, स्वयंपाकघरात उभ्या राहिल्या आणि काठीने हवेतच ओट्याची जागा दाखवत म्हणाल्या, "तू इथं, मी इथं. मध्ये कुणी आलं तरी धक्का लागायचा नाही."

ती ड्राफ्ट्समन मुलगी आता बाईमाणूस नकाशा पाहायला आली की आधी शेजारी खुर्ची ओढते म्हणे. तुम्ही कधी अशा ऑफिसात गेलात, तर त्या खुर्चीवर बसा. आणि तुमच्या स्वयंपाकघराच्या मापाची अशी काही फजिती झाली असेल तर अवश्य कळवा. पुढच्या आठवड्यात भेटूच.